चहा १०, झेरॉक्स १२०

लाल पुठ्ठ्याची लांबट वही. अण्णांच्या दुकानात उधारीला असते, तसलीच. जिंतूर तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. नाव मोठं, दुकान दहा बाय पंधरा. मी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला निघाले तेव्हा आईने धपाटे बांधून दिले, मामाने पाचशेची नोट हातात कोंबली आणि अण्णांनी ही वही दिली. "रोजचं रोज लिहायचं. उद्या लिहू म्हटलं की हिशोब खोटा झाला समज." बाकी अभ्यास कर, जपून राहा, असलं काहीच बोलले नाहीत.

पहिलं सेमिस्टर संपलं. वही माझ्यासमोर आहे. तिच्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे फक्त मलाच माहीत आहे, असं मी परवापर्यंत समजत होते.

पहिल्या पानावर तारीख आहे ३ सप्टेंबर २०२४. पहिली नोंद एसटीची, अण्णांचं पूर्ण तिकीट आणि माझं अर्धं. २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे परत जाताना आपण एकटेच पूर्ण तिकिटाचे, असा विनोद अण्णांनी बसमध्ये केला. एरवी ते विनोद करत नाहीत. त्या दिवशी करायची गरज होती, कारण आदल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीकडे पावसाने धुमाकूळ घातला होता. खिडकीतून दिसेल ते सोयाबीन पाण्यात उभं होतं. आमच्या दुकानातून खरिपाचं बियाणं, खत, औषध सगळं उधारीवर जातं आणि सोयाबीन निघालं की पैसे येतात. म्हणजे खिडकीबाहेर जे बुडालेलं होतं, त्यात आमचंही होतं. अण्णा बाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

वाकडेवाडीच्या स्टँडवर पहाटे उतरलो. रिक्षा मीटरने येते यावर अण्णांचा विश्वास बसेना. पंचवीस रुपयांवरून आकडा सरकायला लागला, तसे ते रस्त्याऐवजी मीटरकडेच बघत बसले.

त्या पानावरचा सगळ्यात मोठा आकडा कॉलेजच्या फीचा. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला होता, की घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. गावात ही बातमी पोचली ती "पोरींना इंजिनिअरिंग फुकट" अशी. दुकानात येणारा जो तो म्हणायचा, तुमचं बरं झालं. बरं झालं हे खरंच. नाहीतर मी परभणीतच बीएस्सीला बसले असते. पण पावतीवर शिक्षण शुल्कापुढे शून्य असलं, तरी त्याखाली विकास शुल्क, अनामत, हॉस्टेल, मेस अशी रांग लागलेली होती, आणि त्या रांगेला माफी नव्हती. अण्णांनी पावती दोनदा वाचली. खिशातलं पेन काढून बेरीज तपासली. बेरीज बरोबर निघाली. चुकली असती तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

पुढच्या नोंदी बादली, मग, दोरी, चिमटे, कुलूप आणि गादीच्या. गादी अण्णांनी स्वतः दाबून, उलटी करून, वास घेऊन घेतली. मग हॉस्टेलच्या फाटकापर्यंत आले. आत पुरुषांना परवानगी नव्हती, म्हणून गादी मी आणि वॉचमन मावशींनी मिळून वर नेली. खाली वाकून बघितलं तर अण्णा फाटकाबाहेर उभेच होते. मी हात केला. त्यांनी केला नाही, त्यांना मी दिसलेच नसेन.

खोलीत चार कॉट. पहिल्या आठवड्यात नावं लक्षात राहिनात म्हणून एकमेकींना गावांवरून हाका मारायला लागलो आणि तेच कायम झालं. एक कागल, एक जामनेर, एक कुडाळ आणि मी जिंतूर. कागल पहिल्याच सकाळी म्हणाली, "मी आंघोळीला जातो." आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. कोल्हापूरकडे मुलीही जातो-येतोच म्हणतात, हे आम्हाला कुठे माहीत? ती आमच्या हसण्यावर चिडली नाही, नुसती म्हणाली, "तुमचं पण ऐकतो की आता." आणि ऐकलंच. मी फोनवर आईला "काय करायलीस?" म्हटलं, की मागून तिघी एका सुरात "जेवायले!" जामनेरचं आणि तिच्या आजीचं अहिराणी सुरू झालं की आम्ही मोबाईल बाजूला ठेवून ऐकत बसायचो. चौघींची मराठी, आणि पहिला महिनाभर तरी मधूनमधून दुभाषा लागत होता. वर्गात मात्र पुण्याच्या मुलींसमोर मी "करतेय", "जातेय" असं जपून बोलायचे. दिवसभर असं बोलून संध्याकाळी खोलीत आलं की घट्ट चप्पल काढल्यासारखं वाटायचं.

गरम पाणी सकाळी सहा ते आठ. फाटक रात्री साडेआठला बंद. मेसमध्ये सोमवारी बटाटा, मंगळवारी बटाट्याला वाटाणा. याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, कुठल्याही हॉस्टेलमध्ये राहिलेल्या माणसाला ते पाठ असतं. रविवारची रात्र तेवढी वेगळी. दुपारी जेवणात गोड आणि रात्री मेस बंद. पुण्यात मेसवर जेवणाऱ्या प्रत्येकाला ही रविवार रात्र ठाऊक आहे. आमच्यावर पहिल्या रविवारी धपाट्यांनी निभावलं. दुसऱ्या रविवारी कुडाळने बॅगेतून इलेक्ट्रिक किटली काढली. किटलीला हॉस्टेलमध्ये बंदी. त्या किटलीत आम्ही मॅगी केली, अंडी उकडली, एकदा जामनेरच्या हट्टापायी खिचडीही टाकली. ती तळाला लागली आणि वास जिन्यावरून थेट रेक्टर मॅडमच्या खोलीत पोचला. मॅडम दारात उभ्या राहिल्या, किटली उचलली, झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाल्या, "मोहरी जळलीय." किटली सेमिस्टर संपेपर्यंत त्यांच्या कपाटात राहिली. वहीत त्या दिवशी "दंड २००" लिहायला हवं होतं. मी लिहिलं "लॅब मॅन्युअल २००".

खोट्या नोंदींची सुरुवात तिथून झाली. मग सवय लागली. सगळ्यात सोयीचा शब्द झेरॉक्स. इंजिनिअरिंगच्या मुलीला झेरॉक्स लागतेच. असाइनमेंट झेरॉक्स, जुने पेपर झेरॉक्स, सीनियरच्या नोट्स झेरॉक्स. त्यात दोन-चार झेरॉक्स वेगळ्या असल्या तर कळणार कुणाला? "झेरॉक्स १२०" म्हणजे आयुष्यातली पहिली मस्तानी, आंब्याची, वर आइस्क्रीमचा गोळा. "झेरॉक्स ६०" म्हणजे आयब्रो. "झेरॉक्स ८०" म्हणजे मोमोज, ते मला आवडलेही नाहीत. खरे खर्चही होतेच. अप्पा बळवंत चौकातून आणलेली वापरलेली पुस्तकं, ज्यांत आधीच्या मालकाने महत्त्वाच्या प्रश्नांवर केलेल्या खुणा फुकटात मिळाल्या. ड्रॉइंगचा ड्राफ्टर सीनियरकडून निम्म्या किमतीत. पीएमपी बसचा चाळीस रुपयांचा दिवसाचा पास, त्यात आम्ही चौघींनी एका शनिवारी कात्रजपासून विश्रांतवाडीपर्यंत पुणं पालथं घातलं. आणि रोज चार वाजता, कॉलेजच्या मागच्या टपरीवर, चहा १०. दिवाळीपर्यंत ही नोंद एकही दिवस चुकलेली नव्हती, रविवारीही नाही.

१७ सप्टेंबरचं पान मी वेगळं सांगते. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. फाटकाची वेळ त्या एका दिवसापुरती रात्री दहापर्यंत वाढवली होती. आम्ही सकाळीच लक्ष्मी रस्त्याला गेलो. मानाचा कसबा गणपती येईपर्यंत माझ्या पायांनी मान टाकली होती, पण ढोल जवळ आले तेव्हा छातीतच वाजायला लागले आणि दुखणं विसरले. टीव्हीवर दरवर्षी बघितलेली मिरवणूक हातभर अंतरावर. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते हे ऐकून माहीत होतं, त्या गर्दीत उभं राहिल्यावर का चालते ते कळलं.

पण १७ सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं. शाळेत त्या दिवशी झेंडावंदन असायचं, पांढरा ड्रेस, प्रभात फेरी. देशाला १५ ऑगस्ट आणि आम्हाला वर एक महिन्याने आणखी एक. मी कागलला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही तेरा महिने उशिरा आलासा?" तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. तरी मला त्या गर्दीत एकदम एकटं वाटलं. अण्णांना फोन लावला, तर ढोलांमुळे एक अक्षर ऐकू येईना. ते तिकडून "ऐकू यायलंय, ऐकू यायलंय" म्हणत होते. त्यांना ढोल ऐकू येत होते.

आता अभ्यासाचं.

माझी बारावी एका टायअपच्या कॉलेजात झाली. नाव कॉलेजचं, जीव क्लासचा. कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरतं जायचं आणि दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ पर्याय ओळखायला शिकायचं. सीईटीला गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. आमचे सर सांगायचे, गणित सोडवू नका, उत्तर शोधा. दिलेल्या चारपैकी दोन पर्याय बघताक्षणी बाद होतात, उरलेल्या दोनात किंमत टाकून बघायची. यात मी तरबेज होते. याच्याच जोरावर पुण्यातली सीट मिळाली.

एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या, मिड-सेमचा पेपर हातात आला तेव्हा मी दोन्ही बाजू बघितल्या. केली-हॅमिल्टनचं प्रमेय पडताळून दाखवा, सिद्ध करा, काढा. पर्याय कुठेच नव्हते. हसू नका, पण माझ्या मनात खरंच पहिला विचार आला तो हाच, की पर्याय कुठे छापलेत? उत्तर काय येणार याचा अंदाज मला होता. तिथपर्यंत जायचं कसं, एका ओळीखाली दुसरी ओळ काय लिहायची, ते दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. दोन ओळी लिहून मी एकदम उत्तरावर उडी मारायचे. सरांनी त्या उडीखाली लाल पेनाने प्रश्नचिन्हं काढली होती.

पेपर दिवाळीआधी झाला, गुण दिवाळीनंतर कळले. मधल्या दिवाळीत मी घरी गेले, ती "पेपर बरा गेला" म्हणत. वही मुद्दाम हॉस्टेलवर विसरून. घरी तसाही सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. पाण्यातून वाचलेलं सोयाबीन बाजारात आलं होतं. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली मागणी. अण्णा ओट्यावर बसून उधारीची वही चाळत होते. एकेका नावावर बोट ठेवायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. असल्या वेळी मी मॅट्रिक्सबद्दल काय सांगणार होते?

परत आले, आणि तीसपैकी सहा.

वर्गात यादी लावली होती. जामनेरला बावीस, कुडाळला सव्वीस, कागलला चौदा. मी खोलीवर येऊन चादर डोक्यावरून घेतली. दुसऱ्या दिवशी उठले नाही, तिसऱ्या दिवशीही. ताप आलाय म्हणून सांगितलं. कुडाळने कपाळाला हात लावून बघितला. तिला सगळं कळलं आणि ती काही बोलली नाही. मेसमधून ताट वर आणून ठेवायची, ते तसंच परत जायचं. आईचा फोन आला तर "लायब्ररीत आहे" असा मेसेज टाकायचे. सहा गुणांनी असं आडवं पडायचं कारण काय, असं आज वाटतं. पण ते सहा गुण नव्हते. गावातली पहिली मुलगी, फुकट शिकायला गेलेली, बुडालेलं सोयाबीन, उधारीच्या वहीवर फिरणारं बोट, हे सगळं एकाच वेळी त्या चादरीत शिरलं होतं. वहीला त्या तीन दिवसांत मी हात लावला नाही. खर्चच नव्हता, तर लिहायचं काय?

चौथ्या दिवशी, गुरुवारी, वर्कशॉप होतं. कागलने सरळ चादर ओढली. "जॉब अर्धा राहिलाय तुझा. ऊठ, मी पण येतो."

फिटिंगचा जॉब म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या. एकीत व्ही आकाराची खाच आणि दुसरीला बरोबर तिच्यात बसेल असं टोक. हॅकसॉने कापायचं आणि मग घासत बसायचं. तिथले इन्स्ट्रक्टर सर निवृत्तीला आलेले, हातांवर जुने डाग. ते फाइलला फाइल म्हणत नाहीत, कानस म्हणतात. "कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना दाबायची नाही. तू दोन्हीकडून दाबतेस, म्हणून दमतेस." थोड्या वेळाने म्हणाले, "गुण्या लाव." वर्गातल्या पुण्याच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पेटीतून ट्राय-स्क्वेअर काढून दिला. आमचं घर बांधताना गवंड्याच्या हातात मी गुण्या आणि ओळंबा देत बसायचे. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला एखादा शब्द इतरांच्या आधी कळला होता.

सरांनी पट्टीला गुण्या लावून खिडकीसमोर धरली. "फटीतून उजेड दिसतो का?" दिसत होता. "मग घास अजून." मी घासलं. पुन्हा धरलं, पुन्हा बारीक रेघ. पुन्हा घासलं. दीड तास असं चाललं. तळहाताला दोन फोड आले. शेवटी उजेड दिसेनासा झाला तेव्हा सर नुसतं "हं" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. चार वाजता टपरीवर जाऊन चहा प्यायले. त्या दिवशीचं पान आहे, "चहा १०, फोडांना पट्टी १०".

मग कुडाळने मला गणित शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मी उडी मारली की ती पट्टीने टेबलावर टक् करायची. "मधली ओळ?" रात्री अकरानंतर खोलीतला दिवा बंद करावा लागे, म्हणून आम्ही जिन्यात बसायचो. बदल्यात मी तिचा फिटिंगचा जॉब घासून दिला. हे सरांना कळलं असणार, कारण तिच्या जॉबलाही ते "हं"च म्हणाले.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव होता. आम्ही एक चक्कर मारायला म्हणून गेलो आणि फाटकाची वेळ गाठताना पळत सुटलो. त्या दिवशीची नोंद आहे, "पुस्तके ३४०". शब्द खरा आहे. फक्त ती पुस्तकं कथांची होती, त्यात मॅट्रिक्स नव्हते. ही नोंद खरी धरायची की खोटी, यावर आमच्या खोलीत बराच वाद झाला. जामनेरच्या मते खरी.

एंडसेम जानेवारीत झाली. निकाल लागायचा आहे. एम-वनचा पेपर मी शेवटपर्यंत लिहिला, मधल्या ओळींसकट, एवढंच आत्ता सांगू शकते.

जानेवारीच्या शेवटी घरी आले. या वेळी वही बॅगेत होती, कारण अण्णांनी फोनवर आठवण केली होती. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांनी चष्मा लावला, वही गल्ल्यावर ठेवली आणि पानं उलटायला लागले. मी पोत्यांवर बसून पाय हलवत होते, लहानपणी बसायचे तशी. दर पानाला पोटात गोळा.

"झेरॉक्स आपल्याकडं दोन रुपयाला," ते म्हणाले. "एकशेवीस म्हणजे साठ पानं. एका दिवसात एवढं काय छापायलीस?"

मी काहीच बोलले नाही.

"गोड होतं का?"

"लई," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली आणि पुढचं पान उलटलं. लॅब मॅन्युअलवर थांबले नाहीत, पुस्तकांवरही नाही. वाटलं, सुटले. मग ते मागे गेले. नोव्हेंबरच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. उधारीच्या वहीत एखाद्या नावावर थांबतं, तसंच.

"रोज चहाय. हितं अकरा, बारा, तेरा, चहा न्हाई."

"बारा तारखेला कार्तिकी एकादशी होती, अण्णा."

"एकादशीला चहा चालतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आन् एकादशी एक दिवस आस्ती. बाकीचे दोन?"

तेवढ्यात एक जण हरभऱ्यावर मारायचं औषध घ्यायला आला. अण्णांनी त्याला हाताने थांबायची खूण केली. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला थांबवलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"सांग माय," ते म्हणाले.

मी पोत्यांवरून खाली उतरले आणि सहापासून सुरुवात केली.